पाहुणीचा उजवा हात

माझ्या मुलीने परस्पर होकार दिला म्हणून ती स्विस मुलगी आमच्या घरी राहायला आली.

२००४ चा जुलै महिना होता. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहत होतो. मुलगी नऊ वर्षांची होती आणि घराजवळच्या पार्कातल्या कोर्टांवर टेनिस शिकायची. एका संध्याकाळी तिच्या कोचने सगळ्या मुलांना नेटजवळ गोळा करून सांगितलं, की गावातल्या एका क्लबात बायकांची छोटी प्रोफेशनल स्पर्धा होणार आहे. परदेशातून तरुण मुली येतात, बऱ्याचशा एकट्याच येतात, आणि त्यांना आठवडाभर ठेवून घेणारी घरं हवी आहेत. आमच्याकडची एक बेडरूम आजी-आजोबा आले तरच वापरली जाते, हे माझ्या मुलीला माहीत होतं. तिने तिथल्या तिथे हो सांगितलं आणि घरी येऊन मला कळवलं.

नवरा म्हणाला, "यार, अनोळखी मुलगी आठवडाभर घरात? खाणार काय ती?"

"आपण खातो ते खाईल," मी म्हणाले.

खरं म्हणजे कुणीतरी घरात यावं असं मलाच वाटत होतं. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकले आणि नंतर पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये सात वर्षं नोकरी केली. अमेरिकेत आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं, आणि इथलं लायसन्स मिळवणं ही वेगळीच लढाई होती. तीन वर्षं मी दिवसभर घरात बसून होते. एकदा शेजारच्या बाईंची पाठ धरली म्हणून मी त्यांना बघायला निघाले, तर नवरा दारात आडवा आला. "आपलं ग्रीन कार्डचं प्रोसेसिंग चालू आहे. उद्या काही झालं आणि कुणी तक्रार केली, तर?" तो काही चुकीचं बोलत नव्हता. मी चपला काढून परत आत आले होते.

ती गुरुवारी दुपारी आली. एकोणीस वर्षांची, उंच, उन्हाने नाकाचं टोक सोललेलं, आणि खांद्यावर तिच्याइतकीच मोठी रॅकेटांची बॅग. न सांगता तिने दारात बूट काढले, तेव्हाच ती मला आवडली. स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याकाठच्या लहान गावातली होती. वडील पोस्टात होते. तिला टेनिस त्यांनीच शिकवलं होतं, पुस्तकं वाचून आणि टीव्हीवर सामने बघून. ते रोज सकाळी सात वाजता फोन करणार होते, कारण तेव्हा त्यांच्याकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी असायची.

मुलीला मी सांगितलं, "ताई म्हण तिला." पाहुणीने त्याचा अर्थ विचारला. मोठी बहीण, असं सांगितल्यावर ती खूश झाली. तिला बहीण नव्हती.

रात्रीच्या जेवणाला मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि दही केलं होतं. तिने चमच्याने सगळं खाल्लं, भात दोनदा घेतला. पण चमचा तिच्या डाव्या हातात होता. पाण्याचा जगही तिने डाव्याच हाताने ओढून घेतला.

"डावखुरी आहेस का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि चमचा उजव्या हातात घेतला. थोड्या वेळाने तो परत डाव्या हातात गेला होता.

इतकी वर्षं रुग्ण तपासल्यावर माणूस जेवताना, दार उघडताना, खुर्चीतून उठताना आपल्याला नको असलं तरी दिसत राहतो. मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

शनिवारी आणि रविवारी पात्रता फेरीचे सामने होते. आमची जुनी गाडी माझ्याकडे असायची, त्यामुळे तिला क्लबवर नेणं-आणणं माझ्याकडे आलं. तिच्यासाठी त्या आठवड्याला काय महत्त्व होतं ते तिने मला वाटेत सांगितलं. न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत कुणाला घ्यायचं, ते क्रमवारीवरून ठरतं. यादी लवकरच बंद होणार होती. इथे उपांत्य फेरीपर्यंत पोचली, तर मिळणाऱ्या गुणांवर ती त्या यादीत जेमतेम बसत होती. तिथवर पोचली नाही, तर एक वर्ष थांबायचं.

मी टेनिस तोपर्यंत फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. जवळून ते फार वेगळं दिसतं. चेंडूचा आवाज छातीत बसतो. आणि खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो. ती सुंदर खेळायची, पायांनी खेळायची, प्रत्येक चेंडूपाशी वेळेआधी पोचायची. पण सर्व्हिस केल्यावर प्रत्येक वेळी, न चुकता, रॅकेट डाव्या हातात घ्यायची आणि उजवा हात एकदा झटकायची. दोन्ही सामने तिने जिंकले. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती आणि मी ते झटकणं मोजत होते.

सोमवारी तिचा सामना नव्हता. मी धुतलेले टॉवेल द्यायला तिच्या खोलीत गेले, तर बाथरूमचं दार उघडं होतं. वॉशबेसिनमध्ये आमच्या फ्रीजमधला सगळा बर्फ होता आणि त्यात तिचा उजवा हात मनगटापर्यंत बुडवलेला होता. तिने आरशात मला पाहिलं.

"थोडंसं दुखतं," ती म्हणाली. "सगळ्यांचंच दुखतं."

माझ्यामागे मुलगी उभी होती. ती इंग्रजीत म्हणाली, "माय मॉम फिक्सेस पीपल. बट नॉट इन अमेरिका."

पाहुणीने पाण्यातून हात काढला. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"फिजिओथेरपिस्ट. होते."

ती पलंगावर बसली आणि तिने हात पुढे केला. मी टॉवेल हातात धरून उभीच राहिले. नवरा काय म्हणेल ते मला ऐकू येत होतं. मग मी टॉवेल खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. तीन वर्षांनी कुणाचा तरी दुखरा हात.

तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, मांसाखाली एक लहान हाड असतं. त्याला आकड्यासारखं टोक असतं. रॅकेटच्या मुठीचा शेवट बरोबर त्याच्यावर टेकतो. मी तिथे अंगठ्याने दाबलं आणि ती पलंगावरून अर्धी उठली. आवाज मात्र तिने केला नाही.

"कधीपासून?"

"मार्च." मग थोडं थांबून, "फेब्रुवारी."

"एक्स-रे काढला?"

"काढला. काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घे. मी दहा दिवस घेतली."

साध्या एक्स-रेमध्ये ते टोक मोडलेलं बऱ्याचदा दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. पुण्यात माझ्याकडे एक क्रिकेटपटू आला होता, बावीस वर्षांचा. त्याला बॅटच्या मुठीने हेच झालं होतं. एक्स-रे चांगला होता म्हणून तो महिनोन्‌महिने खेळत राहिला. त्या मोडक्या टोकाला लागूनच बोटं वाकवणारे टेंडन जातात, दोऱ्यांसारखे. टोकावर घासून घासून दोरी झिजते. एक दिवस त्याची करंगळी वाकेनाशी झाली आणि ऑपरेशननंतरही ती धड वाकली नाही. तो माझ्यासमोर बसून दुसऱ्या हाताने ती करंगळी पुनःपुन्हा दुमडत होता, तो चेहरा मी विसरले नव्हते.

मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हाड मोडलेलं असण्याची शक्यता आहे, स्कॅन करायला हवा आणि तोपर्यंत खेळू नये.

"स्पर्धेच्या तंबूत खेळाडूंची दुखणी बघणाऱ्या एक ट्रेनर बाई असतात ना? त्यांना दाखव," मी म्हणाले.

"दाखवलं तर त्या लिहून ठेवतील. मग डॉक्टरला बोलावतील." तिने हात मागे घेतला. "पाच दिवस, बस. मग मी स्कॅन करते. तुम्ही माझ्या वडिलांना सांगू नका. त्यांना वाटतंय की बरं झालंय."

तिचे डोळे भरून आले होते आणि माझी मुलगी दारात उभी राहून बघत होती. मी म्हणाले, "नाही सांगणार." शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर लगेच वाटलं, की हे मी का कबूल केलं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं.

"तू तिचा हात तपासलास?"

"हो."

"पट्टी वगैरे बांधलीस?"

"नाही."

"बांधू नकोस. प्लीज. तिला काही कमी-जास्त झालं आणि ती म्हणाली की या घरातल्या बाईने ट्रीटमेंट केली, तर आपण कुठे जाणार?" मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण हाड खरंच मोडलं असेल?"

"नव्याण्णव टक्के."

"मग ती खेळते कशी?"



मंगळवारी ती जिंकली. बुधवारी तिने रॅकेट हातात घेतली नाही. दिवसभर माझ्या मुलीबरोबर पत्ते खेळली, डाव्या हाताने पत्ते टाकत. गुरुवारचा सामना दुपारी दोनला होता. कोर्टावर तव्यासारखं तापलं होतं. पहिला सेट तिने घेतला, दुसरा गेला. तिसऱ्यात ती मागे पडली आणि तेवढ्यात आकाश काळं झालं, कडाडायला लागलं आणि पंचांनी सगळ्यांना आत पाठवलं. दीड तास आम्ही क्लबच्या व्हरांड्यात बसलो. ती कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती, उजवा हात बगलेत दाबून. तिच्याशी बोलायला जाऊ की नको, ते मला ठरवता येत नव्हतं. पाऊस जरा जास्त वेळ पडला असता तर सामना दुसऱ्या दिवसावर गेला असता, हाताला थोडी विश्रांती मिळाली असती. पाऊस थांबला. लोकांनी मोठमोठे रोलर फिरवून कोर्ट सुकवलं. ती परत उतरली आणि त्या सेटमध्ये तिने सलग पाच गेम घेतले. तिच्यात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. आता आणखी एक सामना जिंकला की उपांत्य फेरी.

त्या संध्याकाळी जेवताना तिने लोणच्याची बाटली उघडायला घेतली. झाकण फिरेना. तिने ती गुपचूप माझ्या मुलीपुढे सरकवली. मुलीने सहज उघडली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शुक्रवारी सकाळी ती आमच्या घराजवळच्या तळ्याभोवती पळायला गेली होती. फोन वाजला तेव्हा सातला दहा कमी होते. मी उचलला. रोज ती दुसऱ्या रिंगलाच उचलायची, त्यामुळे त्या माणसाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, शब्द शोधत बोलायचे. तुम्ही माझ्या मुलीला सांभाळता, तुमचा भात तिला फार आवडतो, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "ती कशी आहे?"

मी "छान" म्हणू शकले असते. ती परत यायला पाच मिनिटं होती.

"तिच्या हाताचं हाड मोडलेलं आहे," मी म्हणाले. "मला तशी जवळजवळ खात्री आहे. ती अशीच खेळत राहिली तर बोटं कायमची जाऊ शकतात. आज तिला थांबवा."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. फिजिओथेरपिस्ट."

"तिथे हॉस्पिटलमध्ये काम करता?"

"नाही. सध्या मी काम करत नाही."

"अच्छा. मॅडम, तिने या दिवसासाठी तेरा वर्षं घालवली आहेत. मीही. आता एक सामना राहिला आहे. कृपा करून तिच्या डोक्यात भीती घालू नका."

"भीती नाही, मी तुम्हाला..."

"कृपा करून," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

ती मागच्या दाराने आत आली, घामाने निथळत. माझ्या हातात अजून रिसीव्हर होता. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

तिने अंघोळ केली, बॅग भरली, दारात येऊन बूट घातले. "मला लवकर जायचंय," एवढंच म्हणाली.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर होती. क्लबपर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी फार लांब वाटला. एका सिग्नलला मी बोलायला सुरुवात केली. पुण्यातल्या त्या क्रिकेटपटूबद्दल सगळं सांगितलं. तिने ते खिडकीबाहेर बघत ऐकलं. मग म्हणाली, "इथे तुम्हाला काम करू देत नाहीत. म्हणून तुम्ही माझ्यावर काम करताय."

ती म्हणत होती त्यात थोडंही खरं नव्हतं, असं मी आजसुद्धा म्हणणार नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी माझी गरज होती, आणि ते मला आवडलं होतं. पण हाड तर मोडलेलंच होतं.

क्लबच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली. "एक मिनिट," मी म्हणाले. "मग जा. मी परत काही बोलणार नाही. दोन्ही हातांच्या करंगळ्या वाकव आणि मला सरळ करू देऊ नकोस."

तिने नाइलाजाने दोन्ही हात पुढे केले. डाव्या हाताची करंगळी मी ओढली, ती हलली नाही. लोखंडासारखी होती. उजव्या हाताची मी एका बोटाने उचलली आणि ती उघडली, एखाद्या झोपलेल्या बाळाची मूठ उघडावी तशी. मी परत वाकवायला सांगितलं. परत उघडली.

ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मागून मुलीने विचारलं, "आई, ताईला काय झालंय?" पाहुणीने दार उघडलं, डाव्या खांद्यावर बॅग घेतली आणि निघून गेली.

सामना अकराला सुरू झाला. समोर एक धिप्पाड अमेरिकन मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. पहिला सेट आमच्या मुलीने घेतला. मी नकळत तिला "आमची" म्हणायला लागले होते. तिची सर्व्हिस हळू झाली होती, पण चेंडू इतका अचूक पडत होता, की समोरचीला पोचता येत नव्हतं. दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन असताना तिने पंचांना खूण करून ट्रेनरला बोलावलं. इतके दिवस ज्यांना टाळलं होतं, त्या बाई औषधांची पेटी घेऊन धावत आल्या. त्यांनी तळहातावर अंगठा टेकवला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाई तिच्याशी बोलत होत्या. ती मानेने नाही, नाही म्हणत होती. शेवटी बाईंनी मनगटाला घट्ट पट्टी बांधली आणि बाजूला झाल्या.

ती आणखी तीन गेम खेळली. त्यातले दोन तिने जिंकले. चार-तीन अशी पुढे होती आणि सर्व्हिस तिची होती. दोन गेम, आणि उपांत्य फेरी.

तिने चेंडू वर उडवला आणि मारलाच नाही, झेलला. सॉरी म्हणाली. परत उडवला, परत झेलला. प्रेक्षक मोजून तीस-चाळीस होते, तेही शांत झाले. माझ्या मुलीने माझा दंड धरला. तिसऱ्यांदा चेंडू वर गेला आणि ती नुसती बघत राहिली. चेंडू तिच्या पायाशी पडून उसळत उसळत लांब गेला. मग ती पंचांच्या उंच खुर्चीपाशी गेली, काहीतरी बोलली आणि नेटपाशी जाऊन समोरच्या मुलीला डावा हात दिला. त्या मुलीला काय झालं ते कळायला वेळ लागला.

मी धावत गेले नाही. मला माझी जागा कळत नव्हती. अर्ध्या तासाने ती तंबूतून बाहेर आली आणि आमच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. "रॅकेट हातात आहे की नाही, तेच मला कळत नव्हतं," ती म्हणाली.

संध्याकाळी स्पर्धेच्या डॉक्टरांनी स्कॅन करवला. टोक मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडलं. तिने माझ्या मुलीला मिठी मारली आणि मला "थँक यू" म्हणाली, जसं हॉटेलातल्या माणसांना म्हणतात.

दोन महिन्यांनी मुलीच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. ऑपरेशन झालं, मोडलेला तुकडा काढून टाकला, एक टेंडन अर्धा झिजला होता पण तुटला नव्हता, असं डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं. माझ्यासाठी त्यात एक शब्दही नव्हता. मी ते कार्ड कितीदा वाचलं, ते नवऱ्याला माहीत आहे.

ती वर्षभर कोर्टाबाहेर होती. क्रमवारीतून नाव जवळपास गेलं. मग तिने अगदी तळापासून सुरुवात केली, छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धा. माझी मुलगी इंटरनेटवर तिचे निकाल शोधून जेवताना आम्हाला सांगायची. जिंकली, हरली, हरली, जिंकली. दरम्यान आमची कागदपत्रं पुढे सरकली, मला वर्क परमिट मिळालं, मी लायसन्सची परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झाले आणि एका क्लिनिकमध्ये लागले.

२००७ च्या ऑगस्टमध्ये तिचा ईमेल आला. तीन वर्षांत मला आलेला पहिला. न्यूयॉर्कच्या पात्रता फेरीत तिला जागा मिळाली होती. "तुम्ही वडिलांना सांगायला नको होतं," असं तिने लिहिलं होतं. "अजूनही मला तसंच वाटतं. पण हाताबद्दल तुमचं बरोबर होतं. येणार का?"

मी सुट्टी घेतली. आम्ही तिघं नऊ-दहा तास ड्राइव्ह करून गेलो. तिचा सामना अगदी कडेच्या कोर्टावर होता, तीन पायऱ्यांची लाकडी बाकं आणि शेजारी वाहनांचा आवाज. सगळ्यात वरच्या पायरीवर एक सडपातळ, टक्कल पडलेले गृहस्थ एकटेच बसले होते. ते वडील आहेत हे मला बघताक्षणीच कळलं. बसायची लकब तीच. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात मिळवला आणि बराच वेळ आम्ही दोघं कोर्टाकडे बघत राहिलो.

ती तिसऱ्या सेटमध्ये हरली. चांगली खेळली, पण समोरची त्या दिवशी जास्त चांगली होती. हात तिने एकदाही झटकला नाही.

सगळे उठून जायला लागले तेव्हा वडील बोलले. "तुम्ही फोनवर सांगितलंत ना, ते मला माहीत होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हाड मोडल्याचं नाही. पण दुखतंय हे. ती घरी कॉफीचा कप डाव्या हातात धरायला लागली, तेव्हापासून." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "फोन ठेवल्यावर तासाभराने मी परत लावला होता. तीनदा. कुणी उचलला नाही."

"आम्ही निघालो होतो," मी म्हणाले. "काय सांगणार होतात?"

त्यांनी विचार केला. खरोखरच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलून टाकलं नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तिने उचलला असता, तर काय बोललो असतो ते कळलं असतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगतोय, की थांब असंच म्हणणार होतो."

ती ओल्या केसांनी, खांद्यावर बॅग घेऊन आली. पुढच्या वर्षी ती खेळणं सोडणार होती आणि गावातल्या मुलांना शिकवायला लागणार होती, पण ते तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. तिने माझ्या मुलीची उंची बघून तोंडाचा आ केला, माझ्या नवऱ्याला हाय म्हणाली, आणि मला मिठी मारली, घट्ट. मग वडिलांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ते काहीतरी म्हणाले आणि दोघंही किंचित हसले.

"काय म्हणाले ते?" माझ्या मुलीने विचारलं.

"मी विचारलं, दुसऱ्या सेटमध्ये मी नेटपाशी का गेले नाही," ती म्हणाली. "ते म्हणतात, तेच त्यांना मला विचारायचं होतं."